दुमडलेल्या पट्ट्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला, पानं पिवळट आहेत. बोलले तर म्हणतो, "बाई, कालच गठ्ठा फोडलाय." उचलली जीभ लावली टाळ्याला. जाऊ दे, लिहायला पानं पुरेशी आहेत.

वही कशासाठी ते आधी लिहिते. नानांचे डोळे गेलेत असं मला वाटतं. कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथे टिपून ठेवणार.

आमच्या प्रयोगशाळेत हिरा विकत घेणाऱ्यासाठी त्या हिऱ्याचा रिपोर्ट तयार होतो. वजन किती, रंग कुठला, आत डाग किती, घडण कशी. आम्ही हिरे विकत नाही, घेत नाही, किंमतही सांगत नाही. त्यात आमचं काहीच नसतं, म्हणूनच तर लोक आमच्या कागदावर विश्वास ठेवतात. दगड येतो तो नंबराच्या पाकिटात, मालकाचं नाव नसतं. पहिल्या टेबलावर नाना रंग ठरवतात, बोटभर कागदाच्या पट्टीवर अक्षर लिहितात, पट्टी दुमडून पाकिटात ठेवतात. डी म्हणजे सगळ्यात पांढरा, मग ई, एफ, जी, एच, असा एकेक पायरीनं पिवळा. मग पाकीट दुसऱ्या टेबलावर, म्हणजे माझ्याकडे. नानांची पट्टी न उघडता मी माझी लिहायची. खाली खिडकीवरची बाई दोन्ही पट्ट्या उघडते. जुळल्या तर रिपोर्ट छापायला जातो. नाही जुळल्या तर दगड वरच्या मजल्यावर तिसऱ्या टेबलाकडे जातो, तिथला निर्णय शेवटचा. कोण चुकलं होतं त्याची नोंद ठेवत नाहीत, कुणाला कळवतही नाहीत. उगाच कुणाचं नाक वर नको आणि कुणाची मान खाली नको.

वर्षाला असे तीन-चार दगड वर जायचे. गेल्या एका महिन्यात नऊ गेले. मी काही चुकलेली नाही. नाना अजून प्रत्येक दगडाशेजारी पेटीतले मास्टर हिरे, म्हणजे रंग पक्के ठरलेले नमुने, लावून बघतात. मला त्याची गरज वाटत नाही. सव्वीस वर्षांत अख्खी ओळ माझ्या डोळ्यांत बसली आहे. नानाच पूर्वी नव्या लोकांना सांगायचे, "हिच्या डोळ्यांत पेटी आहे."

नाना डिसेंबरात निवृत्त होणार. दहा महिने फक्त.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी नानांची पट्टी उघडून बघितली.

हे केल्याबद्दल आमच्याकडे एका माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं, आणि त्या वेळी "बरंच झालं" म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

मला दगड सरळ सरळ एच दिसत होता. नानांनी जी लिहिलं होतं. म्हणजे पिवळ्याला पांढरा म्हणत होते. मी पट्टी परत दुमडली आणि माझ्या पट्टीवर जी लिहिलं. हा दहावा दगड वर गेला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, दोघांपैकी कोण चुकतंय. मग त्यांची तपासणी, मग आयुष्यभराच्या नावावर शिंतोडे. एका पायरीचा तर फरक. म्हाताऱ्याला डिसेंबर गाठू दे.

चहा पिताना त्यांचा कपही बशीत वाजत होता. वयच झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या टेबलावरच्या दिव्याची नळी पिवळी पडली आहे. गेल्या आठवड्यात वायरमननं बदलली, आज पुन्हा बदलायला लावली. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. नाना उठून आले, दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला तर ठीक वाटतोय, ताई."

एवढा पिवळा दिवा ज्यांना ठीक वाटतो ते हिऱ्याचा रंग काय सांगणार? वाईट वाटलं.

आज चार पट्ट्या उघडल्या. चारही ठिकाणी नाना एक पायरी वर होते. मी त्यांचंच लिहिलं.

घरी चादरींना पुन्हा नीळ घातली. सूनबाई म्हणाली, "आई, परवाच तर घातली होती." म्हटलं, परवा घातली म्हणून आज पांढरी दिसतेय का? या मुलींना कपडा पांढरा कशाला म्हणतात तेच माहीत नाही. ती नुसती हसली. मुलगी चांगली आहे, पण कामात नजर नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज नाना माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, एकदा मास्टर लावून बघत जा ना. सवय राहते."

मी म्हटलं, "सव्वीस वर्षांनी मला शिकवताय?"

"तसं नाही गं." मग म्हणाले, "मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहे शनिवारी. सोबत येतेस? दोघंही दाखवून घेऊ."

आता मात्र माझी खात्री पटली. त्यांना स्वतःलाही कळलंय, एकट्यानं जायला भीती वाटतेय. लहान मूल कसं "तू पण इंजेक्शन घे" म्हणतं, तसं. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? तुम्ही या जाऊन." जरा तोडूनच बोलले. शनिवारी सोबत जायला हवं होतं खरं तर. पण नेमकं त्याच दिवशी घरी पडदे धुवायला काढले होते, तेही पिवळे पडलेत.

एक गोष्ट घडली. ते बोलत असताना माझ्यापुढे पाकीट उघडं होतं आणि त्यांची पट्टी, मी परत दुमडलेली, वरच होती. नाना तीन घड्या घालून कोपरा आत खोचतात, मी घाईत दोनच घातल्या होत्या. त्यांनी ती उचलली, नीट तीन घड्या घातल्या, कोपरा खोचला, पाकिटात ठेवली आणि गेले. पण त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांना आता दिसतंय काय एवढं!

३ मार्च, सोमवार

आज ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

त्या वेळी चौथ्या दिवशी मी कामावर गेले होते. सासरची माणसं नाही नाही ते बोलली. बोलू देत. घरात प्रत्येक भांडं त्यांच्या नावानं वाजत होतं. प्रयोगशाळेत निदान शांत होतं. मी टेबलाशी बसले तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. नानांनी माझ्यापुढे वीस पाकिटं आणून ठेवली आणि म्हणाले, "हे आजच हवेत." एरवी मी दिवसाला बारा करायचे. त्या दिवशी वीसच्या वीस केले आणि संध्याकाळी पहिल्यांदा भूक लागली. त्यांनी कधी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. रोज वीस पाकिटं, महिनाभर.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी पट्ट्या का उघडते असं उद्या कुणी विचारलंच, तर कारण हे आहे.

६ मार्च, गुरुवार

आज दुपारी खालच्या खिडकीवर गेले होते, शाई आणायला. तिथे एक बाई रिपोर्ट घ्यायला आली होती. निवृत्त नर्स. आयुष्यभर दुसऱ्यांची उठबस केली, आता स्वतःसाठी एक वस्तू घेतेय म्हणाली. अंगठी. लाजत होती सांगताना.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हो," ती म्हणाली. "दुकानदार तर आपलाच माल गोड म्हणणार. मी म्हटलं, तुमचा कागद असेल तरच घेईन. आम्ही कशा, डॉक्टरांच्या शब्दाआधी रक्ताच्या कागदावर विश्वास ठेवायचो."

खिडकीवरच्या बाईनं पाकिटाचा नंबर वाचला. मला आठवला. मंगळवारचा. मला एच दिसला होता, मी जी लिहिलं होतं.

ती रिपोर्टवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. वर छापलंय, 'दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासलेला.' त्या ओळीवरही तिचं बोट गेलं. मला म्हणाली, "तुम्हीच बघता का हे? पुण्याचं काम आहे."

शाई न घेताच वर आले. आज काही सुचत नाही. नानांचं नाव जपताना मी या बाईला फसवलं.

१४ मार्च, शुक्रवार

आठ दिवस स्वतःशी भांडले. आज मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई प्रयोगशाळा चालवतात. त्या दगड बघत नाहीत, आम्हाला बघतात. सांगून टाकलं, नानांना रंग दिसत नाही, एक पायरी वर लिहितात, दोन महिने चाललंय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन महिने? पण जानेवारीनंतर तर तुमच्या सगळ्या पट्ट्या जुळतायत. ते चुकत होते तर जुळल्या कशा, ताई?"

आठ दिवस विचार केला आणि हा एवढा साधा प्रश्न मला पडलाच नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला गेले आणि स्वतःची मान सुरीखाली ठेवून बसले. बाई माझ्याकडे बघत होत्या. नर्सचा चेहरा, हे गेले तेव्हाची ती वीस पाकिटं, माझं टेबल, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी नानांना बोलावणं पाठवलं.

नाना आले. बाईंनी त्यांना मी काय सांगितलं ते सांगितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. म्हणाले, "खरं आहे. डोळे गेलेत माझे."

"आणि पट्ट्या?"

"मी हिला खुणेनं सांगायचो, बाई. इतक्या वर्षांचा माणूस, ही नाही कसं म्हणेल? दोष माझा. हिला काही बोलू नका."

हे खोटं होतं. त्यांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं. पट्ट्या मी माझ्या हातानं उघडल्या. मी तोंड उघडायला हवं होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. मोजून चौदा फरश्या आहेत टेबलापासून दारापर्यंत.

नानांनी लगेच राजीनामा दिला आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, जानेवारीपासूनचे त्यांचे सगळे दगड ग्राहकांकडून परत मागवून तिसऱ्या टेबलावर फेरतपासायचे. दोन, प्रत्येक परीक्षकाची दरवर्षी डोळेतपासणी आणि टेबलावर मास्टर लावण्याची सक्ती. बाईंनी दोन्ही मान्य केल्या, आणि मला ताकीद देऊन टेबलावर ठेवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, खुणेचं का सांगितलंत?"

"माझे नऊ महिने राहिलेत, तुझी चार वर्षं. हिशोब कर." थोडं पुढे जाऊन परत वळले. "माझ्याकडे वाचन आहे, ताई. तुझ्याकडे एवढं टेबलच आहे."

१७ मार्च, सोमवार

नानांनी खण रिकामा केला. आमच्याकडे जाणाऱ्या माणसासाठी शेवटच्या दिवशी मास्टर हिरे मिसळून टाकतात आणि त्यानं ते नुसत्या नजरेनं पुन्हा ओळीत लावायचे असतात. सगळे भोवती जमतात, टाळ्या वाजतात. नानांसाठी कुणी पेटी उघडली नाही. डोळे गेलेल्या माणसापुढे कशी उघडणार? सुंठीवाचून खोकला गेला, असं कुणीतरी मागे म्हणालं. मला ऐकू गेलं, म्हणजे त्यांनाही गेलं असणार.

जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "मास्टर लावत जा," एवढंच म्हणाले.

घरी आले आणि सूनबाईवर विनाकारण ओरडले.

३१ मार्च, सोमवार

पहिल्या टेबलावर नवा माणूस आलाय. जेवताना एक अक्षर बोलत नाही, फोन बघतो. पट्ट्या मी आता उघडत नाही. त्याचे आणि माझे दोन आठवड्यांत अकरा दगड वर गेले. हा नानांहूनही आंधळा दिसतोय. हल्ली माणसं निवडतात तरी कशी?

सक्ती म्हणून मास्टर लावते. पण पेटीतले हिरेच जुने झालेत बहुतेक, जी आणि एच शेजारी ठेवले तर फरक कळत नाही, सगळे सारखेच पिवळट. बाईंच्या कानावर घालायला हवं.

डोळेतपासणीची चिठ्ठी दोनदा आली. म्हातारा जाता जाता सगळ्यांच्या मागे हे शुक्लकाष्ठ लावून गेला.

९ एप्रिल, बुधवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, निदान दोन वर्षांचा असेल. "काम काय करता?" म्हणून विचारलं. सांगितलं. 

"रंग कसे दिसतात?"

"उत्तम," मी म्हटलं.

ते म्हणाले, "आतलं भिंग पिवळं होत जातं, हळूहळू. इतकं हळू की माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, जगच तसं आहे."

असेल इतरांचं. मी रंगांचं काम करते, मला कळलं असतं.

मला कळलं असतं ना?

२२ एप्रिल, मंगळवार

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पाच मेला ठरली. मुलगा म्हणतो, एवढं काय घाबरायचं, तासाभराचं काम. मी शस्त्रक्रियेला घाबरत नाही. त्यानंतर काय दिसेल त्याला घाबरते. हे त्याला कसं सांगू?

६ मे, मंगळवार

सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली.

दवाखान्यातल्या नर्सचा कोट पांढरा होता. मी पांढरा रंग रोज बघते असं समजत होते. मी दोन वर्षांत तो बघितलेला नाही. डॉक्टर विचारत होते, दुखतंय का, आणि मी त्या कोटाकडेच बघत होते.

घरी आले. पलंगावर निळी चादर होती. म्हटलं, ही कधी आणली? सूनबाई म्हणाली, "आई, ही आपली पांढरीच." पडदे निळसर. माझी पोलकी निळसर. नातवाच्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरला निळे डाग. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "मी मागून परत धुवायची. सगळं काही निघायचं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं ना." दोन वर्षं ही पोरगी माझ्यामागून माझी धुणी धुतेय आणि मी म्हणत होते, हिला कामात नजर नाही.

मग ही वही उघडली. पानं पांढरीशुभ्र आहेत.

डावा डोळा झाकते, पान पांढरं. उजवा झाकते, पान पिवळं. चार-पाच वेळा केलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, ही म्हण मी लहानपणापासून लोकांना ऐकवत आलेय.

डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे. पहिले काही दिवस डोळ्याला पाणी नको म्हणून. मी रडले.

१२ मे, सोमवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर गठ्ठा होता. फेरतपासणीचे दगड. चाळीस परत आले होते.

"नानांचा एकही चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस बरोबर. मला काही समजत नाही, ताई. तुम्हाला समजतंय?"

त्यांनी मास्टरची पेटी आणि एक दगड माझ्यापुढे सरकवला. नंबर बघितला. त्या अंगठीवाल्या नर्सचा. मी दगड पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवला, शेजारी मास्टर लावले. नव्या डोळ्यानं बघितलं. जी. लख्ख जी. त्या बाईला कुणीही फसवलं नव्हतं. मी भीतीनं आणि मायेनं नानांची नक्कल केली, तेवढीच अक्षरं खरी होती. ज्यांच्यावर मी माझं प्रामाणिक मत लिहिलं ते सगळे दगड चुकले.

मग मी बोलले. पट्ट्या मी उघडल्या, खुणेचं खोटं, डोळे माझे गेले होते. या वेळी फरश्या मोजल्या नाहीत.

बाई म्हणाल्या, "डोळ्यांसाठी मी तुम्हाला काढलं नसतं. त्यावर औषध आहे." पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि मलाही ऐकायची गरज नव्हती. मी चिमटा आणि भिंग त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी एक पत्र दिलं, नानांना द्यायला. त्यांच्या नावावरचा डाग काढलाय, डिसेंबरपर्यंत पहिलं टेबल त्यांचं आहे, परत या.

मला टेबल गेल्याचं दुःख होईल असं वाटलं होतं. होतंय. पण ते रांगेत मागे उभं आहे, त्याच्यापुढे दुसरं मोठं आहे.

१५ मे, गुरुवार

तीन दिवस पत्र पिशवीत आहे. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

"दोघंही दाखवून घेऊ" म्हणाले होते. पडदे धुवायचे होते मला.

१८ मे, रविवार

गेले.

पत्र घेऊन नानांच्या घरी. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "ये," म्हणाल्या, पण दारातून बाजूला व्हायला जरा वेळ लावला. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. त्यांच्या जागी मी दार उघडलंच नसतं.

नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर गडद चष्मा. बाजूच्या कपाटात पुस्तकं नीट रचलेली, पुढे काच, काचेवर धूळ. मी त्यांना सव्वीस वर्षांत हातात छापील कागद नसताना बघितलेलं नाही. डब्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्रही ते सरळ करून वाचायचे.

"डोळे पार अधू झालेत," काकू म्हणाल्या. "राजीनामा दिला त्या दिवसापासून अक्षर वाचत नाहीत. मी वाचून दाखवते, पण माझी शाळा चौथीपर्यंतची. अडखळते. मग म्हणतात, राहू दे. हाताला धरून जिना उतरवते यांना."

नाना भिंतीकडे बघत होते. मला सगळं एका क्षणात कळलं. वाचताना काकूंनी बघितलं असतं तर काकू दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन उभ्या राहिल्या असत्या, माझ्या नवऱ्याचे डोळे ठणठणीत आहेत म्हणून. म्हणून हा माणूस घरातही आंधळा झाला. माझं टेबल राहावं म्हणून. माझ्याकडे वाचन आहे म्हणाले होते, आणि तेच सोडून बसले.

"काकू, चहा टाकता का?" मी म्हटलं. त्या आत गेल्या.

"नाना," मी सुरुवात केली, "माझं ऑपरेशन झालं. मी बाईंना सगळं..."

"पेपर वाच," ते हळूच म्हणाले. "आधी पेपर वाच. सकाळपासून पडलाय."

त्यांना ऐकायचं नव्हतं. मी माफी मागितली तर त्यांना ती घ्यावी लागली असती, आणि तो माणूस कुणाकडून काही घेत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून पेपर उघडला. वाचायला लागले. कुठल्यातरी धरणाच्या कालव्याची बातमी होती. एक डोळा नवा, एक जुना, चष्मा अजून मिळालेला नाही, अक्षरं दोन दोन दिसतात. तरी वाचत राहिले.

"एक ओळ सुटली, ताई," नाना म्हणाले.

माझं बोट ओळीवरच होतं. बघितलं तर खरंच सुटली होती.

मग मान वर केली तर दारात काकू. हातात दोन कप. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्यांनी कप खाली ठेवले. एकातला चहा बशीत सांडला. "दोन महिने," त्या म्हणाल्या, "दोन महिने मी तुम्हाला हाताला धरून संडासापर्यंत नेतेय." मग माझ्याकडे वळल्या, आणि मी सगळं सांगितलं. पट्ट्या, खुणा, चादरी, फरश्या. नाना मधे मधे "जाऊ दे गं" म्हणत होते. काकूंनी त्यांना एकदाच म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." पत्र मी काकूंच्याच हातात दिलं. त्यांनी ते अडखळत, पण एकही अक्षर न सोडता वाचलं.

"जाणार?" काकूंनी विचारलं.

नानांनी चष्मा काढला. हात पुढे केला. हात पानासारखा हलत होता. मार्चपर्यंत नुसता कप वाजायचा. "दगड बघायला डोळे लागतात आणि धरायला हात," ते म्हणाले. "रोजचं काम होतं तोवर हात वळणावर होता. दोन महिने मोकळा राहिला. आता चिमट्यात काही धरता येत नाही. मी करून बघितलं, ही बाजारात गेली होती तेव्हा. साखरेचा दाणा धरून."

काकू रडायला लागल्या. आपण आलो तरी कशाला, असं मला झालं. ते टेबल मी माझंही घालवलं आणि त्यांचंही.

शेवटी काकूंनीच पदरानं तोंड पुसलं, माझ्या हातातून पेपर काढून घेतला आणि नानांच्या पुढ्यात ठेवला. "वाचा," म्हणाल्या. "मोठ्यानं. मला ऐकायचंय."

नानांनी पेपर उचलला. तो इतका फडफडायला लागला की अक्षर एका जागी राहीना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबले.

मी खुर्ची जवळ ओढली आणि कागदाची दुसरी कड धरली. मग त्यांना वाचता आलं.